काहीही पाहणारी माणसे

'आपली पोरं मोबाइलवर काहीही पाहतात,' ही तक्रार अलीकडे आपल्याच व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा माझ्यासारखे प्राध्यापक असतात. दोनचार वर्षांपूर्वी एका परिसंवादात मी स्वतःही ती केली होती आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आज त्या टाळ्यांची लाज वाटते. 'काहीही' या शब्दात जी तुच्छता आहे ती आपण कोठून उचलली, हे तपासल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रस्थापित मराठी समीक्षेने 'अभिरुची' नावाची एक वस्तू घडवली. ती वारशाने मिळते, घराण्याने मिळते. ज्याच्या घरात आजोबांपासूनचे पुस्तकांचे कपाट आहे त्याने एका दिवसात ज्ञानेश्वरी, रहस्यकथा, क्रिकेटचा वृत्तान्त आणि पंचांग वाचले तर त्याला बहुश्रुत म्हणायचे. ज्याच्या घरात कपाटच नाही, आणि खरे तर ते ठेवायला भिंतच नाही, त्याच्या पोराने एका रात्रीत चार वेगळ्या विषयांचे व्हिडिओ पाहिले की त्याला वाया गेलेला ठरवायचे. दोघांची भूक एकच आहे. एकीला संस्कार म्हटले जाते, दुसरीला व्यसन. ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

मी हे लिहितो आहे ते जुहूला समोर ठेवून. जुहू म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे समुद्र, भेळपुरी आणि नटनट्यांचे बंगले येतात. १९७८ साली उभे राहिलेले पृथ्वी थिएटर नाटकवाल्यांना आठवते. त्याच जुहूत इर्ला नाल्याच्या अंगाला नेहरू नगर नावाची वस्ती आहे, हे मात्र कोणाला आठवत नाही. बंगल्यांतली धुणीभांडी करणारे हात, गाड्या पुसणारे हात, चित्रीकरणाच्या जागी खुर्च्या उचलणारे हात अशाच वस्त्यांतून जातात. देशभर पाहिली जाणारी चित्रे ज्या रस्त्यांवर जन्मतात त्या रस्त्यांना लागूनच, दहा बाय बाराच्या खोल्यांत, ती चित्रे तळहातावर घेऊन पाहिली जातात. एका बाईने मला सांगितले की ती ज्या घराची फरशी पुसते त्या घराचा दिवाणखाना तिने प्रथम नीट पाहिला तो मोबाइलवर. मालकांनी घर दाखवणारा व्हिडिओ काढला होता. 'फरशी पुसताना मान वर करून कोण बघतंय?' असे ती म्हणाली.

अशा वस्तीतल्या एका पोटमाळ्यावर अभ्यासिका चालते. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तिथे जातो. एकदा मी मुलांना त्यांनी गेल्या आठवड्यात पाहिलेल्या व्हिडिओंची यादी करून आणायला सांगितले. नको असेल ते गाळायची मुभा होतीच. त्यांनी ती भरपूर वापरली असणार, आणि ते त्यांच्या वयाला धरूनच आहे. बारावीतल्या एका मुलीची एका रात्रीची यादी अशी होती: मूलभूत हक्कांवरचे एम.पी.एस.सी.चे व्याख्यान, कोल्हापूरकडच्या कुस्तीचे मैदान, कोरियन मालिकेचा तुकडा, कडूबाई खरात यांचे एकतारीवरचे भीमगीत, बिनअंड्याचा केक, जात पडताळणीचा अर्ज कसा भरावा, आणि मोटारसायकलचे इंजिन उघडून पुन्हा जोडणारा एक मिस्त्री. तिच्या घरी मोटारसायकल नाही, केक भाजायची भट्टीही नाही. मी विचारले, 'मग इंजिन कशाला पाहतेस?' ती म्हणाली, 'सर, आत काय असतं ते बघायला.'

या उत्तरापाशी मी पुष्कळ दिवस अडलो आहे. 'आत काय असते' हे पाहण्याची बंदी हाच तर आपल्या समाजव्यवस्थेचा पाया होता. देवळाचा गाभारा आत होता, सवर्णाचे स्वयंपाकघर आत होते, शाळेची बाके आत होती आणि आपला माणूस दाराबाहेर गोणपाटावर होता. प्रत्येक जातीच्या विद्येला एक झाकण होते, आणि दुसऱ्याचे झाकण उघडणे हा गुन्हा होता. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्यासाठी होते, तसेच ते हे झाकण नाकारण्यासाठीही होते. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे मिळेल ते ज्ञान त्यांनी अधाशासारखे घेतले. त्या विविधतेला कोणी 'काहीही' म्हटले नाही. त्यांचा अभ्यास आणि या मुलीची एक रात्र यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. परंतु भूक ओळखण्याइतकी नजर तरी समीक्षकाला असावी.

आमच्या घरातलीच एक गोष्ट. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांना समोर बसून ऐकले होते. वडिलांनी ऐकणाऱ्यांकडून ऐकले. मी कॉलेजात असताना, बी.बी.सी.ने १९५५ साली ध्वनिमुद्रित केलेली त्यांची मुलाखत एका सायबर कॅफेत ऐकली; इंग्रजी निम्मे कळले, आवाज पूर्ण कळला. दोन पिढ्यांमध्ये तुटलेला आवाज ज्या साधनाने जोडून दिला, त्याला सरसकट शिव्या घालणे मला जमणार नाही.

पण म्हणून सरसकट आरती ओवाळावी असेही नाही. त्यासाठी दुसऱ्या एका यादीकडे वळतो.

हा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील इर्ल्याच्या पदपथावर चपला-बूट शिवतात. त्याच्या यादीत एकच विषय पुन्हा पुन्हा आला होता: परदेशी कारागीर जुना बूट दुरुस्त करतो आहे. जुना तळ उपटतो, आतले कुजलेले बूच खरवडतो, मेणाचा दोरा ओढतो, कडा घासतो, शेवटी बूट आरशासारखा चमकतो. बोलणे नाही, गाणे नाही. स्वच्छ टेबल, पांढरा प्रकाश आणि फक्त हात. मुलगा असे व्हिडिओ तासन्‌तास पाहतो. का, असे विचारल्यावर म्हणाला, 'सर, त्याच्याकडे बघून कोणी नाक मुरडत नाही.'

एका रविवारी त्याने तो व्हिडिओ वडिलांना दाखवला. मी तेथे होतो. वडिलांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हत्यारं झकास आहेत. पण आरी तिरकी घालतोय. पावसात हा टाका पाणी पिणार.' मी साहित्याचा शिक्षक आहे. वर्षानुवर्षे समीक्षा शिकवतो. कृती पाहणे, साधने ओळखणे, दोष नेमका कुठे आहे ते सांगणे आणि त्याचा परिणाम पुढे कधी दिसेल तेही सांगणे, एवढी पक्की समीक्षा मी परिसंवादांत क्वचितच ऐकली आहे.

आता या व्हिडिओने काय सांगितले नाही ते पाहू. त्या मुलाच्या यादीतले काही कारागीर जपानचे होते. जपानमध्येही चामड्याचे आणि खाटकाचे काम करणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या बाटलेले मानले गेले. बुराकुमिन म्हणून ओळखला जाणारा हा समाज आहे. १८७१ साली सरकारी हुकमाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला. लग्नात आणि नोकरीत मागची चौकशी करण्याची खोड मात्र त्यानंतरही टिकली. ज्या देशाच्या पांढऱ्या प्रकाशात या मुलाला विनाजातीचे चामडे दिसले, त्या देशातही चामड्याला जात होती! हे त्याला त्या पडद्याने सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. एक बूट पाहिला की पडदा दुसरा बूट पुढे करतो. बुटाशेजारी बुराकुमिनांची चळवळ ठेवत नाही, चर्मकारांचा इतिहास ठेवत नाही. कुस्ती, केक, घटना, भीमगीत असे सगळे शेजारी बसते खरे, पण कोणाची कोणाशी ओळख करून दिली जात नाही. पुढचे काय पाहायचे हे ठरवणारा कोणी दिसत नाही. तो आपल्याला उत्तरही देत नाही. आपण किती वेळ डोळा लावून बसतो एवढाच त्याचा हिशेब असतो. जुना भट निदान समोर उभा असायचा, त्याच्याशी भांडता तरी यायचे.

शिवाय ही जागा आपल्या मालकीची नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. बंदीच्या कारणांचा वाद बाजूला ठेवू. खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांतल्या ज्या पोरांनी, बायकांनी तेथे नाच, नकला, गाणी रचली होती त्यांचे ते सारे काम एका रात्रीत दिसेनासे झाले. आपल्या शाहिरांची गाणी कागदावर नव्हती तरी लोकांच्या तोंडात टिकली. ज्याचे कपाट दुसऱ्याच्या घरात आहे त्याने किल्ली कोणाकडे आहे ते विचारलेच पाहिजे.

कॅमेरा कोणाच्या हातात, हाही प्रश्न आहेच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, तेव्हा वस्तीतल्या माणसाच्या खिशात कॅमेरा नव्हता. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' यायला २०११ साल उजाडले. त्याच तारखेला, ११ जुलै २०१६ रोजी, गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना मारहाण झाली. तिचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले आणि मर्दुमकी म्हणून पसरवले. त्याच चित्रणाने माणसे रस्त्यावर आणली, मेलेली ढोरे उचलण्यास नकार दिला गेला, आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादहून निघालेला मोर्चा १५ तारखेला उन्याला पोहोचला. एकच व्हिडिओ एकाला करमणूक होता, दुसऱ्याला पुरावा. पाहणारा कोण यावर पाहणे ठरते, हे आपल्या समीक्षेने यातून शिकायला हवे होते.

आपल्या बाजूनेही काही कडू बोलले पाहिजे. बाबासाहेबांच्या नावाने पडद्यावर जे फिरते त्यातले किती त्यांचे आहे? त्यांनी कधी न लिहिलेली वाक्ये त्यांच्या छायाचित्राखाली ठोकली जातात, आणि आपण जय भीम म्हणून ती पुढे ढकलतो. सोनेरी प्रभामंडळ लावलेले भीमराव पाहून मला नव्या देवघराचा वास येतो. याउलट मैला सफाईवरचा दिव्या भारती यांचा 'काकूस' हा २०१७ चा तमिळ माहितीपट पाहा. त्याची जाहीर प्रदर्शने पोलिसांनी अडवली, म्हणून तो थेट लोकांच्या मोबाइलवर गेला. तो आपल्या अभ्यासिकेत कोणीच पाहिलेला नव्हता. आम्ही तो एका शनिवारी एकत्र बसून पाहिला, अधूनमधून थांबवून. भाषा कोणालाच येत नव्हती, पण थांबवायला कुठे सांगायचे ते सगळ्यांना कळत होते. इंजिनवाली मुलगी शेवटी म्हणाली की हेही आतलेच आहे, गटारीच्या आतले.

त्यानंतर मी बुटांच्या मुलाला सुचवले की तू वडिलांच्या कामाचा व्हिडिओ का काढत नाहीस? तो गप्प झाला. जगातल्या सगळ्या देशांचे चांभारकाम पाहणाऱ्या या मुलाने घरचे चांभारकाम कॉलेजात कोणाला सांगितलेले नाही. मीही, तीस वर्षांचा होईपर्यंत, आई काय काम करते हे स्टाफरूममध्ये मोघम सांगत असे. तेव्हा त्याला उपदेश करण्याची माझी पात्रता नव्हती. पंधरा दिवसांनी तो आपणहून आला. वडील तयार आहेत म्हणाला. त्यांनी आरीला नवी मूठ बसवून घेतली होती, बसायला स्वच्छ गोणपाट आणले होते. फक्त एक अट होती, आणि ती वडिलांची की मुलाची हे मी विचारले नाही.

'सर, हात तेवढे घ्यायचे. चेहरा नको.'