नकाशा-संपादन प्रणालींची सुरक्षित स्थापना : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
अंजनगाव आणि सुर्जी या जुळ्या वस्त्यांमधून शहानूर नदी वाहते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात येथे झालेल्या तहाने फार मोठ्या प्रदेशाच्या सीमा बदलल्या. सीमा आखण्याचा अधिकार तेव्हा सत्ताधीशांचा होता. आज महाविद्यालयीन विद्यार्थीही आपल्या गावचा नाला, पांदण रस्ता वा पानमळा संगणकावर रेखाटू शकतो. मात्र त्यासाठीची संगणक प्रणाली आपण कोठून व कशी मिळवतो, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

विवेचन :
'अँटिव्हायरस असल्यावर भीती कशाची?' हा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु महागड्या प्रणालीची 'क्रॅक' प्रत चालविताना प्रथम अँटिव्हायरसच बंद करण्यास सांगितले जाते. म्हणजे पहारेकऱ्याला आपणच रजा देतो. २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेली क्यूजीआयएस ही मुक्त परवान्याची प्रणाली विनामूल्य उपलब्ध असताना अशा प्रतीचे समर्थन होऊ शकत नाही.

'अधिकृत संकेतस्थळावरूनच डाऊनलोड करा' हा उपदेश योग्य असला तरी अपुरा आहे. शोधयंत्रात अनेकदा जाहिराती प्रथम दिसतात व त्यांत मिळत्याजुळत्या नावांची बनावट स्थळे असू शकतात. म्हणून पत्ता स्वतः टंकित करावा आणि फाईलचा एसएचए-२५६ अंक प्रकाशित अंकाशी ताडून पाहावा; विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो काढता येतो. तथापि, स्थळच बाधित झाले तर फाईलबरोबर तेथील अंकही बदलला जाऊ शकतो. तेव्हा फाईलवर डिजिटल स्वाक्षरी असल्यास प्रकाशकाचे नावही तपासणे इष्ट.

धोका येथेच संपत नाही. क्यूजीआयएसचे प्लगइन म्हणजे पायथन भाषेतील आज्ञावली होय. ती वापरकर्त्याच्याच अधिकाराने चालते. मूळ प्रणाली शुद्ध असूनही अनोळखी प्लगइनमुळे संगणक बाधित होऊ शकतो.

निष्कर्ष :
प्रयोगशाळेतील संगणकावर विद्यार्थ्यांचे प्रकल्प, संशोधकांची सर्वेक्षणे असतात आणि एकच पेनड्राइव्ह अनेक यंत्रांत फिरतो. त्यामुळे ही बाब वैयक्तिक सवयीवर न सोडता विभागाची शिस्त ठरावी. एका जबाबदार प्राध्यापकाने तपासलेली एकच मूळ प्रत जतन करावी. तिचा स्रोत, आवृत्ती व दिनांक नोंदवहीत लिहावा. विद्यार्थ्यांच्या खात्यास प्रणाली बसविण्याचा अधिकार देऊ नये. ओपनस्ट्रीटमॅपवरील किरकोळ दुरुस्तीसाठी तर ब्राऊझरमध्येच चालणारा आयडी संपादक पुरतो. तेथे काही बसविण्याची गरजच नाही. नकाशाच्या अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या भूगोल विभागाने साधनाच्या शुद्धतेचाही तितकाच आग्रह धरावा, हे क्रमप्राप्त आहे.