‘गाडी किती देते?’ : मोटारप्रदर्शनातील विधानांचा विचार

समीक्षेचा विषय म्हणून आपण बहुधा छापील संहितेकडे पाहतो. परंतु बाजारात, सभेत किंवा प्रदर्शनात जे बोलले जाते तेही रचलेले असते, पाठ केलेले असते आणि विशिष्ट परिणाम साधण्यासाठी योजिलेले असते. अशा बोलण्यालाही घाट असतो, परंपरा असते आणि त्याच्या गुणदोषांची चिकित्सा करता येते. मोटारींच्या प्रदर्शनात विक्रेता व प्रेक्षक यांच्यामध्ये होणारा संवाद हा असाच एक भाषाप्रकार होय. त्याविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी की, तेथे सांगितले जाणारे इंधनबचतीचे आकडे प्रत्यक्षात उतरत नाहीत. दुसरी अशी की, त्या आकड्यांविषयी बारकाईने विचारू लागल्यास उत्तर देणारा उद्धटपणे बोलतो. पहिली तक्रार अर्थव्यवहाराची आणि दुसरी शिष्टाचाराची, अशी आपण त्यांची वाटणी करून टाकतो. या दोन तक्रारी वस्तुतः एकच आहेत, आणि दुसरीचा उगम पहिलीच्या वाक्यरचनेत आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. आणि या दोहोंच्या आधाराने सुटे भाग घडविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत पसरले. १९८६ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘ऑटो एक्स्पो’ भरू लागला आणि मोटारप्रदर्शन हा राष्ट्रीय सोहळा झाला. त्याच्या लहान आवृत्त्या आज प्रत्येक जिल्ह्याच्या गावी दसरा-पाडव्याच्या सुमारास मैदानात, मंगल कार्यालयात किंवा मॉलच्या दालनात दिसतात. आपल्या शहरात अशा मंडपात शिरणारा प्रेक्षक अनेकदा स्वतः यंत्रावर काम करणारा असतो. मोजमापातील सूट म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. ज्याला प्रश्न विचारता येतो अशा श्रोत्यापुढे हे भाषण होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

प्रथम शब्दांकडे पाहू. इंधनाच्या किफायतीसाठी मराठीत दोन परके शब्द रूढ झाले आहेत : ‘मायलेज’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’. मैल गेले, किलोमीटर आले, तरी पहिला शब्द टिकून राहिला. दुसऱ्याचा प्रवास अधिक उद्‌बोधक आहे. मुळात ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे सरासरी; अनेक निरीक्षणांची बेरीज करून त्यांच्या संख्येने भागल्यावर हाती येणारी राशी. म्हणजे या शब्दाच्या पोटी अनेकत्व गृहीत आहे. परंतु ‘या गाडीचे अ‍ॅव्हरेज बावीस आहे’ असे म्हणताना ते अनेकत्व पार लोपते. कशाची सरासरी, किती फेऱ्यांची, कोणत्या रस्त्यावरची, हे प्रश्न त्या शब्दातून निघून जातात आणि उरतो तो वाहनाचा एक अंगभूत गुणधर्म. जसा रंग, तसेच अ‍ॅव्हरेज.

या शब्दाबरोबर येणारे क्रियापद तर आणखी बोलके आहे. ‘गाडी किती देते?’ असा आपला प्रश्न असतो. ‘देणे’ हे क्रियापद या अर्थाने आपण दुभत्या जनावरासाठी वापरतो : म्हैस किती दूध देते, झाड किती फळ देते. मोटार वस्तुतः काही देत नाही. ती इंधन जाळते. हीच गाडी घरी आली आणि खिशाला झळ लागू लागली की, भाषा बदलते. मग ती पेट्रोल ‘खाते’ किंवा ‘पिते’. मंडपात गाडी देणारी असते आणि दारात खाणारी होते. केवळ विनोदाची म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. युरोपात इंधनाचे माप शंभर किलोमीटरला लागणाऱ्या लिटरांत सांगतात, म्हणजे तेथील माप ‘पिणे’ मोजते; आपले माप ‘देणे’ मोजते. परिणाम असा की, दहाची गाडी पंधरा देऊ लागली काय आणि विसाची पंचवीस देऊ लागली काय, वाढ पाचाचीच वाटते. हिशेब केला तर पहिल्या बाबतीत शंभर किलोमीटरमागे सुमारे ३.३ लिटर इंधन वाचते, दुसऱ्या बाबतीत अवघे १ लिटर. क्रियापदाच्या निवडीने खरेदीदाराचे गणित कसे वाकते, याचे हे उदाहरण होय.

आता विधानाच्या सत्यासत्यतेकडे वळू. प्रदर्शनातील आकडा बहुधा सरळसरळ खोटा नसतो. तो कोठून तरी आलेला असतो, आणि त्याचे मूळ स्थान प्रमाणित चाचणी हे असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांनी हा आकडा आज लोकांच्या तोंडी बसला आहे. आजवर भारतात प्रवासी मोटारींसाठी वापरल्या गेलेल्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती रोलरवर उभी असते. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. सुमारे वीस मिनिटांच्या ठरावीक चक्रात वेग वाढवावयाचा व कमी करावयाचा असतो. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर. खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलेले असते आणि वातानुकूलन यंत्र बंद असते. या अटींत मिळालेली संख्या त्या अटींपुरती खरी असते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात वातानुकूलन चालू ठेवून चार माणसांसह जालना रस्त्यावरील सिग्नलांवर थांबत जाणाऱ्या गाडीविषयी ती काहीच बोलत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना जुन्या चक्राऐवजी सुमारे २३ किलोमीटरचे, तीस मिनिटांचे आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारे चक्र लावले. त्याबरोबर गाडी तीच असूनही तिचा आकडा बदलला. आकडा गाडीचा जितका असतो तितकाच चाचणीचा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आपल्या न्यायशास्त्रात या स्थितीसाठी नेमकी संज्ञा आहे : ‘उपाधि’. धूर दिसला असता अग्नीचे अनुमान करणे निर्दोष. परंतु अग्नी दिसला असता धुराचे अनुमान करणे सदोष, कारण तापलेल्या लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या इंधनाचा संयोग झाल्यामुळे. हा संयोग म्हणजे त्या विधानाचा उपाधि. तो सांगितला तर विधान खरे, गाळला तर दोषयुक्त. नैयायिकांचे हे प्रसिद्ध उदाहरण इंधनाचेच असावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. प्रदर्शनातील विधान असेच सोपाधिक असून निरुपाधिक म्हणून उच्चारले जाते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘जर–तर’ या संकेतार्थी वाक्यातील ‘जर’चा भाग कापून ‘तर’चा भाग स्वतंत्र वाक्य म्हणून उभा केला जातो. छापील जाहिरातीच्या तळाशी, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत, चाचणी-संस्थेचा आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी ११५ व्या नियमाचा उल्लेख असतो. ‘जर’ तेथे दडलेला असतो. विक्रेत्याच्या तोंडी तो येतच नाही.

कधी कधी उपाधि गाळण्यावर न थांबता मापातच निवड केली जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ह्युंदाई व किआ यांच्या आकड्यांची तपासणी केली, तेव्हा अनेक चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी अनुकूल निष्कर्ष उचलल्याचे तिने दाखविले. २०१४ मध्ये या कंपन्यांना १० कोटी डॉलरांचा दंड मान्य करावा लागला. ज्याला आपण ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो त्यातून खरी सरासरीच काढून टाकलेली होती. जपानमध्ये एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीने आपल्या लहान मोटारींच्या इंधनचाचण्यांत फेरफार केल्याची कबुली दिली. प्रश्न विचारणारा प्रेक्षक उगाच संशयी असतो, असे या घटनांनंतर म्हणता येणार नाही.

आता उद्धटपणाचा विचार. ‘हा आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला?’ हा प्रश्न म्हणजे गाळलेल्या ‘जर’ची मागणी होय. तिला मिळणारी उत्तरे ऐकली तर त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला अधिकाराचा : ‘कंपनीनेच दिलेला आकडा आहे.’ येथे आप्तवचनाचा आधार घेतला जातो. पण आप्त तो, ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान असते आणि जे जसे आहे तसे सांगण्याची इच्छा असते. विकणारा स्वतःच्या मालाविषयी आप्त ठरणे कठीण. दुसरा प्रकार दोषांतराचा : ‘ते तुमच्या चालवण्यावर आहे.’ हे उत्तर विशेष पाहण्याजोगे आहे. आकडा सांगताना जो उपाधि अनावश्यक होता तो तक्रारीच्या वेळी एकाएकी हजर होतो, आणि त्याचे सारे ओझे चालकावर पडते. तिसरा प्रकार पात्रतेचा : ‘तुम्हाला गाडी घ्यायची आहे का?’ येथे विधानाविषयीचा प्रश्न प्रश्नकर्त्याविषयीच्या प्रश्नात रूपांतरित होतो. बहुधा याच टप्प्यावर भाषाही पालटते. मराठीत किंवा आपल्याकडील हिंदीत चाललेले बोलणे इंग्रजीत शिरते. ‘सर’ हे संबोधन राहते, पण त्याचा सूर बदलतो. आदरवाचक रूप कायम ठेवून अनादर करता येतो, हे समाजभाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे प्रत्यक्ष ऐकावे.

सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याला खोडून काढते ती वितंडा, असा भेद न्यायसूत्रांत केलेला आहे. वरील तीन उत्तरांतून संवाद या पायऱ्या क्रमाने उतरतो. उपाधि सांगता येत नसेल तर वाद अशक्य होतो. मग जल्प उरतो, आणि तोही टिकला नाही की वितंडा. म्हणून उद्धटपणा हा केवळ स्वभावदोष मानणे अपुरे ठरेल. अपुऱ्या वाक्याचे रक्षण करण्याचे ते साधन आहे.

यावर असा आक्षेप येईल की, मंडपात उभ्या असलेल्या तरुणांवर हा अन्याय आहे. आक्षेपात तथ्य आहे. दिवसभर उभे राहून तीच वाक्ये शेकडो वेळा म्हणणाऱ्या तरुणाला आकडा पढविलेला असतो, चाचणीचे चक्र समजावून दिलेले नसते. प्रेक्षकही नेहमी सौजन्याने वागतात असे नाही. परंतु यातून उपरोक्त मतालाच बळ मिळते. ज्याला ‘जर’ दिलाच नाही त्याच्याकडे ‘जर’ मागितला की तो चिडणारच. चिडण्याची जबाबदारी वाक्य रचून देणाऱ्याकडे जाते. शिवाय सौजन्य हे बळावरही अवलंबून असते. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या आणि शहराचे नाव देशभर गाजले. त्या सौद्यात एकाच्या प्रश्नामागे दीडशे खरेदीदार उभे होते. प्रदर्शनातील पृच्छक एकटा असतो.

जुना बाजार प्रामाणिक होता आणि नवा लबाड आहे, असे मात्र समजू नये. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांत दलालाची अतिशयोक्ती काही कमी नसते, आणि भाव तर रुमालाखाली बोटांनी ठरविण्याची रीत आहे. परंतु तेथे घेणारा बैलाचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो. म्हैस समोर पिळून घेतो. अतिशयोक्ती आणि तिची परीक्षा एकाच जागी असतात. मोटारप्रदर्शनात गाडी फिरत्या चौथऱ्यावर उभी असते, इंजिन बंद असते, आणि जे पारखावयाचे ते तेथे घडतच नाही. क्रियापद गोठ्यातून घेतले, परीक्षा मात्र गोठ्यातच राहिली. हीच स्थिती मंडपाच्या कडेला इंधननळीवर बसविण्याची चुंबके आणि तत्सम उपकरणे विकणाऱ्यांची. अमेरिकेच्या उपरोक्त संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. बहुतेकांनी इंधनात लक्षणीय बचत होत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

कायद्याने या भाषेची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत लेखी विधानाप्रमाणेच तोंडी विधानाचाही अंतर्भाव केला. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर भाषाभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा दंडक घातला : जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, ही सोय त्यामुळे उरली नाही. पण बोललेले वाक्य हवेत विरते आणि ते सिद्ध करण्याचा भार ऐकणाऱ्यावर येतो. म्हणून आकडा, चाचणीचे नाव आणि अटी एकाच कागदावर, मराठीत, सहीसह मागणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. ‘किती देते?’ याऐवजी ‘शंभर किलोमीटरला किती लागते, आणि कोणत्या परिस्थितीत?’ असे विचारावे. या प्रश्नात उपाधीची मागणी व्याकरणानेच बांधलेली असते, आणि तिला टाळून दिलेले उत्तर अपुरे आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या श्रोत्यालाही कळते.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बोलीसंकलनासाठी दूरच्या खेड्यांत पाठविण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. त्याबरोबर पाडव्याच्या मंडपातील संभाषणेही संबंधितांच्या संमतीने नोंदविली, ‘जर’ कोठे गळतो आणि तो मागितल्यावर संबोधन, भाषा व सूर कसे पालटतात याची तालिका केली, तर येथे मांडलेले मत तपासून पाहता येईल. या लेखातील वर्गीकरण ऐकीव निरीक्षणावर उभे आहे, आणि अशा तपासणीत त्याच्याही मर्यादा उघड व्हाव्यात.