नाटकांत अधिक बोलतो कोण? : बाड, सूत्रधार व बोहाडा

पालघर-तारापूर हीं नांवें वाचतांच या त्रैमासिकाच्या वाचकांस सन १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम व तारापुरास पडलेले बाजी भिवराव रेठरेकर आठवणार हें उघड आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र किल्ल्याचा नव्हे. बोईसरहून पूर्वेस निघून मनोर-विक्रमगडावरून जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागांत गेलें असतां वसंत-ग्रीष्माच्या रात्रीं जो बोहाडा पाहावयास मिळतो, त्याच्या साह्यानें एका नाट्यविषयक प्रश्नाचा उलगडा करावा असा आमचा हेतु आहे.

प्रश्न असा कीं, नाटकांत सर्वांत अधिक बोलणारें पात्र कोणतें, व तें ठरवावें कसें? शेक्सपियरपुरतें उत्तर सोपें आहे. छापील संहितेंतील ओळी मोजल्या म्हणजे झालें. त्याच्या सर्व पात्रांत हॅम्लेटचें भाषण सर्वांत मोठें भरतें, आणि ‘ऑथेल्लो’ नाटकांत ज्याचें नांव नाटकास दिलें त्याच्यापेक्षां इयागोच अधिक बोलतो. ही गणना व्यर्थ नव्हे. नाटकाचीं सूत्रें कोणाच्या हातीं आहेत हें तीवरून कळतें. परंतु तोच गज आमच्या जुन्या नाट्यबाडांस लावूं गेल्यास फसगत ठरलेली.

विष्णुदास भाव्यांचें उदाहरण घ्यावें. सन १८४३ मध्यें सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ झालें, त्या पद्धतीच्या खेळांत सूत्रधार अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा राहून पदें म्हणे व कथानक पुढें नेई. राम, सीता, रावण इत्यादि पात्रें पदाचा आशय धरून आयत्या वेळीं सुचेल तसें गद्य बोलत. अर्थात् कागदावर उरलीं तीं पदें. सन १८८५ मध्यें भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला गेला, तोहि नांवाप्रमाणें कवितांचाच. तो मोजणारास सूत्रधार सर्वांत वाचाळ व रावण मुका वाटेल! वस्तुतः राक्षसांच्या ज्या आरोळ्यांवरून या खेळांस ‘अललडुर्र’ हें उपहासाचें नांव चिकटलें, त्या आरोळ्या पदांच्या वहींत शोधून मिळणार कशा? पात्रांचीं गद्य भाषणें लिहून ठेवण्याची चाल विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) यासारख्या ‘बुकिश’ नाटकांपासून पडत गेली. तेथपासून पुढें शब्द मोजण्यास आमची हरकत नाहीं.

आतां बोहाड्याकडे वळूं. येथें स्थिति निराळी, आणि आमच्या मतें अधिक बोधप्रद आहे. गणपति व शारदा यांचीं सोंगें आधीं येतात; मागाहून रामायण-महाभारतांतील व स्थानिक दैवतांचीं. संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडांत, तोंडावर लांकडाचा वा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा बांधून सोंग नाचत येतें. मुखवट्याआडून भाषण करणें कठीणच. तें करावें अशी अपेक्षाहि नाहीं. सोंगाच्या वतीनें सूत्रधार गातो. येथें शब्द सूत्रधाराचे व देह सोंगाचा, असा श्रमविभाग पूर्ण आहे. भाव्यांच्या खेळांत पात्रांच्या मुखांतील शब्द कागदावर आले नाहींत. येथें पात्राच्या मुखीं शब्दच नाहींत. दोन्ही ठिकाणीं बाड पाहिलें तर सूत्रधारच दिसेल, पण एके ठिकाणीं तें अर्धसत्य आहे व दुसरीकडे पूर्ण सत्य.

संस्कृतांतील ‘भाण’ या प्रकाराशीं याची तुलना कोणी करील. तेथें एकटा विट इतरांचे प्रश्न ऐकल्याचें सोंग करून आपणच सर्व बोलतो. परंतु विटासमोर रंगभूमि रिकामी असते. बोहाड्यांत ती भरलेली असते. न बोलणारा महिषासुर प्रेक्षकांच्या अंगावर धांवून येतो, तेव्हां त्याला वाणी नाहीं याची आठवणहि कोणास राहत नाहीं. सबब तुलना वरवरची होय.

हा विषय येथें काढण्याचें कारण व्यावहारिक आहे. जव्हारकडील मुखवटे आज बाजारांत मिळतात, दिवाणखान्यांच्या भिंतींवर झळकतात. मुखवटा घेणें सोपें, कारण तो खुंटीला टांगतां येतो. पण सर्व शब्द ज्याच्या कंठीं, त्या सूत्रधाराचें गाणें टांगतां येत नाहीं. आणि सोंगाचा मान ज्या घराण्याकडे वंशपरंपरेनें चालत आलेला असतो तें घराणें पोटासाठीं तारापूरच्या कारखान्यांकडे उतरलें, तर मुखवट्याखालची चालहि त्याबरोबर जाते. संग्राहकांनीं मुखवटा घेतांना तो कोणत्या गांवचा, कोणत्या घराण्याचा, त्याच्या आधीं व नंतर कोणतें सोंग येतें, त्या वेळीं काय गातात व संबळाचा ठेका कोणता, इतकें त्याच्याबरोबर टिपून घ्यावें, व शक्य तेथें गाणें ध्वनिमुद्रित करावें. या टिपणाशिवाय आलेला मुखवटा पुराणवस्तु म्हणून नोंदतां येईल. नाट्याचा पुरावा म्हणून तो स्वीकारण्यास आम्ही राजी नाहीं.