समाधानाची प्रश्नावली

‘नॅक’ने २०१७ साली आणलेल्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण हा गुणांकनाचा भाग ठरला. २० प्रश्न पर्यायांचे, २१ वा मोकळा. या धर्तीच्या प्रश्नावल्या महाविद्यालये स्वतःही भरून घेतात आणि आलेल्या सरासरीवरून आपला विद्यार्थी शिक्षणात किती रमला आहे, याचे निष्कर्ष काढतात. माझा आक्षेप या निष्कर्षांना आहे.

पहिलाच प्रश्न घ्या. वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला? ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४ टक्के, अशी खाली उतरत जाणारी उत्तरे. हे सांगायला विद्यार्थी वर्गात असावा लागतो! कोल्हापुरात माझ्या वर्गातली काही मुले शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करतात. शिष्यवृत्ती रखडली की काहींचा एसटीचा पास निघत नाही. ही मुले का येत नाहीत, हे त्या २० प्रश्नांपैकी एकही विचारत नाही. जातीचा तर उल्लेखही नाही. अमेरिकेत २००० सालापासून इंडियाना विद्यापीठातून चालणाऱ्या सर्वेक्षणात मात्र विद्यार्थी आठवड्याला किती तास पगारी काम करतो, घरच्यांना सांभाळण्यात आणि जाण्यायेण्यात किती वेळ घालवतो, हे विचारले जाते. भांडवलशाही देशाला जे विचारावेसे वाटले, ते समतेची भाषा बोलणाऱ्या आपल्या व्यवस्थेला सुचू नये, याला काय म्हणावे?

दुसरी गोष्ट उत्तरांची. अंतर्गत मूल्यमापन निष्पक्ष होते का, असाही एक प्रश्न आहे. ज्याचे अंतर्गत गुण अजून मास्तरांच्या हातात आहेत, तो पहिल्या पिढीचा मुलगा त्याच मास्तरांनी वाटलेल्या कागदावर काय लिहिणार? तो सगळीकडे सर्वोच्च पर्यायावर खूण करतो. ‘सगळं बरं हाय’ हे उत्तर त्याच्या बापाने पाटलाच्या दारात अनेकदा दिलेले असते. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. हे उत्तर मला चांगले ओळखता येते. त्याला समाधान समजणे म्हणजे भीतीची टक्केवारी काढणे होय.

सहभाग वाढवण्याची वेगळी रीत आपल्याकडे होती. १९०८ साली शाहू महाराजांनी याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. मुलगा राहणार कुठे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवायला घेतला. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. विद्यार्थ्याच्या दिवसाचा हिशेब तिथे वेळापत्रक ठरवतानाच केलेला होता.

आमच्याकडच्या मोकळ्या प्रश्नाला बहुतेक मुले ‘काही सूचना नाही’ असे लिहितात. गेल्या वर्षी एका कागदावर मात्र दोन ओळी होत्या : पहिला तास साडेनऊला ठेवा, पाळी आठला सुटते. तो कागद वेळापत्रक समितीकडे गेला नाही. सरासरी काढून झाल्यावर तो बाकीच्यांबरोबर फाइलला लागला.