आकांक्षेचे मोजमाप

मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांचा ‘द कपॅसिटी टु ॲस्पायर’ हा २००४ साली प्रसिद्ध झालेला निबंध आम्ही नुकताच पुन्हा वाचला. आकांक्षा ही एकट्या मनाची लहर नसून संस्कृतीने पुरविलेले सामर्थ्य होय, आणि ते समाजात विषम वाटले गेले आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सधनाजवळ भविष्याचा तपशीलवार नकाशा असतो. गरिबाच्या नकाशावर वाटा थोड्या, कारण चुकून परत फिरण्याची व दुसरी वाट धरून पाहण्याची संधीच त्यास थोडी. मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांसंबंधाने हे विवेचन आम्हांस पटते.

परंतु हाच नकाशा वालावलास लावून पाहावा. कर्ली नदीकाठच्या, लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या या गावी तरुणाजवळ नकाशा नव्हता असे कोण म्हणेल? मुंबईची वाट पणज्या-आज्यांनी मळविलेली. कोणाच्या खोलीवर उतरावयाचे, कोणाच्या ओळखीने कामास लागावयाचे, हे पोरासोरांसही ठाऊक असे. मात्र १९८२ सालच्या गिरणी संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले आणि त्यानंतर त्या वाटेचे पलीकडचे टोकच खचले. चालण्याने सामर्थ्य वाढते हे खरे. पण चालणाऱ्याचा दोष नसता वाटच नाहीशी झाली तर काय, याचे उत्तर प्रस्तुत निबंधात आम्हांस पुरेसे सापडले नाही.

सेवेल, हॅलर व पोर्टेस यांचा १९६९ चा अमेरिकन अभ्यास याहून जुना, आणि आमच्या मते अधिक तपासण्याजोगा. विस्कॉन्सिनमधील शेतकऱ्यांचे मुलगे १९५७ साली शाळेच्या अखेरच्या वर्गात होते; आईबाप, शिक्षक व मित्र यांच्या अपेक्षांनी त्यांच्या आकांक्षा कशा घडल्या, हे त्यात दाखविले आहे. तेवढे निर्विवाद आहे. शंका येते ती मोजपट्टीविषयी. इच्छिलेल्या धंद्याची प्रतिष्ठा जितकी उंच, तितकी आकांक्षा मोठी! मग वडिलोपार्जित माड-पोफळीची बाग राखून गावीच राहू इच्छिणाऱ्या वालावलच्या मुलास गुण किती मिळावेत? अगदी थोडे. आणि नवल हे की, वधूपिताही त्यास तितकेच गुण देतो. ‘मुलगा मुंबईस असतो ना?’ हा त्याचा पहिला प्रश्न. समाजशास्त्रज्ञ व वधूपिता यांचे एवढे ऐकमत्य क्वचितच होत असेल.

येथे केवळ मुलाचा कैवार घेऊन चालणार नाही. गावचे स्थळ नाकारणारी मुलगी मुंबईच्या झगमगाटास भुलली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु विहिरीचे पाणी, सासरची धुणीभांडी, चतुर्थीस येणाऱ्या चाकरमान्यांचा राबता, हे सारे कोणाच्या अंगावर पडते हे तिने आईच्या आयुष्यात पाहिले आहे. तिचा नकार म्हणजे अप्पादुराईंच्या अर्थाने अत्यंत तपशीलवार नकाशाच होय. विस्कॉन्सिनच्या त्या अभ्यासात मात्र तिच्यासारख्या कोणासही विचारलेले नाही. तो सर्वस्वी पुरुषांचा आहे.