ड्राफ्टच्या याद्या: भाकीत तपासायचं कसं?

जून महिना जवळ आला की अमेरिकेत बास्केटबॉलवर लिहिणारे सगळे एकाच कामाला लागतात. याद्या करायच्या. एनबीएमध्ये येऊ घातलेल्या तरुण खेळाडूंमध्ये पहिला कोण, दुसरा कोण, तिसावा कोण. कोणता संघ कोणाला घेईल याचा अंदाज बांधणाऱ्या यादीला ‘मॉक ड्राफ्ट’ म्हणतात. निव्वळ गुणवत्तेच्या क्रमाने लावलेल्या यादीला ‘बिग बोर्ड’. तुम्हाला बास्केटबॉलमध्ये रस नसला तरी थोडं थांबा. या याद्या म्हणजे अपुऱ्या डेटावरून, ठाम आवाजात, जाहीरपणे केलेली भाकितं आहेत. पुढची काही वर्षं तुम्ही पेपर वाचणार आणि स्वतःही असे दावे करणार. त्यामुळे सरावासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

आधी थोडी माहिती. ड्राफ्टमध्ये 30 संघ दोन फेऱ्यांत मिळून साधारण 60 खेळाडू निवडतात. प्ले-ऑफला न पोचलेल्या 14 संघांची लॉटरी निघते. 2019 पासून तळाच्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची प्रत्येकी 14 टक्के संधी असते. 2025 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडे फक्त 1.8 टक्के संधी होती, तरी लॉटरी त्यांनाच लागली आणि त्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 2006 च्या ड्राफ्टपासून नियम असा की अमेरिकेतला खेळाडू शाळेतून थेट येऊ शकत नाही, मध्ये किमान एक वर्ष जावं लागतं. त्यामुळे यादीत वर असणारी बरीच मुलं कॉलेजात एकच हंगाम खेळून आलेली असतात. म्हणजे साधारण 30 ते 35 सामने. एवढ्यावरून पुढच्या 10 वर्षांचं भाकीत करायचं!

सोपा आक्षेप आधी बाजूला ठेवू

या याद्यांची टिंगल करणं फार सोपं आहे. 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेट गेला आणि चार हंगामांत लीगबाहेर पडला. त्याच ड्राफ्टमध्ये ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणारा यानिस आंटेटोकुम्पो 15 वा गेला. पुढच्या वर्षी निकोला योकिच 41 वा गेला. पुढे 2021, 2022 आणि 2024 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग काय, ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ असं म्हणून आपण मोकळे.

पण हा युक्तिवाद तुम्ही सेमिनारमध्ये केलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल. योकिच 41 वा होता, बरोबर. पण बाकीच्या वर्षी 41 व्या क्रमांकावर कोण कोण गेलं, आणि त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला आठवतात? आपण अंश पाहिला, छेद पाहिलाच नाही. उलट बाजूला शकील ओनील (1992), टिम डंकन (1997), लेब्रॉन जेम्स (2003) आणि व्हिक्टर वेम्बान्यामा (2023) हे सगळे पहिल्या क्रमांकाचे. सरासरी पाहिली तर वरच्या क्रमांकांची कारकीर्द खालच्यांपेक्षा नक्कीच चांगली असते. म्हणजे मूल्यमापनात माहिती आहे. त्यामुळे ‘याद्या चुकतात’ ही माझी तक्रार नाही. चूक कशी आणि किती झाली हे मोजता येईल अशा पद्धतीने त्या लिहिल्याच जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

क्रमांक अंतर लपवतो

2023 च्या यादीत पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर प्रचंड होतं. वेम्बान्यामाबद्दल कोणाला शंका नव्हती. पण त्याच यादीतले 18 वा आणि 19 वा यांच्यात किती फरक होता? बहुधा लिहिणाऱ्यालाही सांगता आला नसता. यादीत मात्र दोन्हीकडे फरक एकचा. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासालाच शिकवतात ना, की क्रमाचं माप आणि अंतराचं माप वेगळं? इथे ते रोज विसरलं जातं.

चांगले लेखक हे ओळखून खेळाडूंचे गट पाडतात, त्यांना ‘टियर’ म्हणतात. ती सुधारणा आहे, मान्य. पण ‘हा दुसऱ्या गटातला’ म्हणजे नक्की काय? पाच वर्षांनी तो नियमित सुरुवातीच्या पाचांत असेल याची शक्यता 60 टक्के की 30 टक्के? हे लिहिलं नाही तर पाच वर्षांनी काहीही झालं तरी लेखक बरोबरच ठरतो. ‘जमलं तर मोठा खेळाडू, नाही जमलं तर नाही’ अशी वाक्यं या लेखनात जागोजाग भेटतात. ती कधीच खोटी ठरत नाहीत, म्हणूनच ती भाकितं नाहीत.

150 फेकींवरून काय कळतं?

आता एक छोटं गणित करू. समजा, एका मुलाने कॉलेजच्या हंगामात तीन गुणांच्या 150 फेकी केल्या आणि 35 टक्के यशस्वी झाल्या. अहवालात लिहून येतं: ‘बाहेरून बरा फेकतो.’ स्टँडर्ड एरर काढा: 0.35 गुणिले 0.65, भागिले 150, त्याचं वर्गमूळ. उत्तर जवळजवळ 0.04. म्हणजे 95 टक्के खात्रीचा पट्टा साधारण 27 ते 43 टक्के. एनबीएमध्ये 27 टक्केवाल्याला प्रतिस्पर्धी मोकळा सोडून देतात, तर 43 टक्केवाला लीगमधल्या उत्तम फेकणाऱ्यांत बसतो. एकाच आकड्यात दोन्ही माणसं लपलेली आहेत. ही त्रुटी निम्मी करायची तर चौपट, म्हणजे 600 फेकी हव्यात. त्या एका हंगामात कुठून येणार?

अजून एक गोम आहे. असे 60 खेळाडू शेजारी ठेवले की त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. पुढच्या वर्षी तो आकडा खाली आला की ‘मुलाचा आत्मविश्वास गेला’ अशी गोष्ट रचली जाते. बऱ्याच वेळा ते फक्त सरासरीकडे परतणं असतं. म्हणूनच अनेक विश्लेषक फ्री थ्रोची टक्केवारीही जोडीला पाहतात. तिथे समोर बचाव करणारा नसतो, अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे हाताचं कौशल्य जरा स्वच्छ मोजलं जातं. हा विचार तुमच्या प्रयोगातही करा: मला जे हवंय ते कमी गोंधळात मोजणारं दुसरं काही आहे का?

मोजायला सोपं ते महत्त्वाचं?

ड्राफ्टआधी शिकागोत ‘कम्बाइन’ भरतं. उंची, हातांचा पसारा, उडी, धाव, सगळं मोजतात. 2007 मध्ये ड्राफ्टआधीच्या अशाच चाचण्यांत केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांचं, म्हणजे साधारण 84 किलोंचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नाही. त्यावर केवढी चर्चा! हाच मुलगा त्या हंगामात टेक्सस विद्यापीठाकडून सामन्यामागे 25.8 गुण आणि 11.1 रिबाउंड घेत होता. 2014 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. बेंच प्रेसचा आकडा खोटा नव्हता. पण तो आकडा आणि खेळातलं यश यांचा संबंध किती, हे कोणी आधी विचारलं नाही. आकडा हातात आहे म्हणून वापरला, एवढंच.

शब्दांचंही तसंच. ‘हा म्हणजे पुढचा अमुक’ ही तुलना या लेखनाची लाडकी सवय. ह्यूस्टन रॉकेट्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी आपल्या माणसांना एक नियम घातला होता, तो मायकल लुइस यांच्या ‘द अनडूइंग प्रोजेक्ट’ या पुस्तकात आला आहे. नियम असा: तुलना करायचीच तर वेगळ्या वंशाच्या खेळाडूशी करा. कारण उघड आहे. बहुतेक तुलना खेळावरून नव्हे, तर दिसण्यावरून सुचतात. नियम लावला की निम्म्या तुलना आपोआप गळून पडतात.

निकालच यादीने बिघडवलेला असतो

हा मुद्दा सगळ्यात कठीण, म्हणून नीट वाचा. यादी बरोबर होती का हे तपासायला आपण काय पाहतो? खेळाडूची पुढची कारकीर्द. पण कारकीर्द यादीपासून स्वतंत्र आहे का? पहिल्या फेरीत निवडलेल्याला ठरलेल्या वेतनश्रेणीचा, हमी असलेला करार मिळतो. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. म्हणजे 30 वा आणि 31 वा यांच्यात गुणवत्तेचा फरक नसला तरी आयुष्यात मोठा फरक पडतो.

1995 मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी याच प्रश्नावर पेपर लिहिला. खेळाडूची कामगिरी, दुखापत, खेळण्याची जागा हे सगळं हिशेबात धरूनही वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना जास्त वेळ मैदानावर ठेवलं जातं आणि ते लीगमध्ये जास्त टिकतात, असं त्यांना आढळलं. संघाने मोठा क्रमांक खर्च केलेला असतो, तो वाया गेला असं मान्य करवत नाही. 1999 मध्ये कॉलिन कॅमेरर आणि रॉबर्टो वेबर यांनी प्रश्न पुन्हा तपासला. कदाचित ड्राफ्टआधीच्या अपेक्षांमध्ये खरीच माहिती असेल आणि संघ ती विसरत नसतील, तर? अशी पर्यायी स्पष्टीकरणं घेऊन पाहिल्यावर परिणाम उरला, पण आधीपेक्षा कमकुवत. हे दोन्ही पेपर लागोपाठ वाचा. ‘पुन्हा तपासणं’ म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं नसतं, हे त्यातून छान कळतं.

आता पंजाबच्या सतनाम सिंगकडे पाहा. 2015 मध्ये डॅलसने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला, एनबीएने निवडलेला तो पहिला खेळाडू. आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही. मग मूल्यमापन बरोबर होतं की संधीच मिळाली नाही? उपलब्ध डेटा याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण जे घडलंच नाही त्याची नोंद नसते. ‘फ्लॉप’ हा शिक्का मात्र 19-20 वर्षांच्या मुलावर लगेच बसतो.

निकाल वाईट म्हणजे निर्णय वाईट?

2007 मध्ये ड्युरंटच्या आधी, पहिल्या क्रमांकावर पोर्टलंडने ग्रेग ओडनला घेतलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा पहिला पूर्ण हंगाम गेला आणि एनबीएत तो एकूण 105 सामने खेळला. आज ही निवड विनोदात सांगितली जाते. पण तेव्हा बहुतेकांच्या यादीत ओडनच पहिला होता, आणि त्याला घेण्यामागची कारणं समजण्यासारखी होती. विचारायचा प्रश्न असा: दुखापतीचा धोका किती धरला होता, आणि तो कुठे लिहिला होता का? नसेल तर आज आपण पोर्टलंडला शहाणं किंवा वेडं काहीच ठरवू शकत नाही.

आता तुमच्यासाठी काम. पाच वर्षांपूर्वीची कोणतीही एक यादी काढा. पहिल्या दहा नावांसमोर तीन रकाने करा. लेखकाने नेमकं काय भाकीत केलं? ते कोणत्या मोजमापाने खोटं ठरलं असतं? त्या मोजमापावर यादीचाच परिणाम झालेला असू शकतो का? पहिल्या रकान्यातच बऱ्याच जागा रिकाम्या राहतील. मग हेच तीन रकाने तुमच्या रिसर्च प्रपोजलला लावा, गाईडकडे जाण्याआधी. मुलाखतीत पॅनेलकडून हेच प्रश्न येतात, फक्त तिथे उत्तराला दोन मिनिटं मिळतात.