पेपर वाचताना: ‘६४ टक्के यशस्वी’ म्हणजे नेमकं काय?

चातुर्मासात आपल्याकडे कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं. ख्रिस्ती समाजात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्याला लेंट म्हणतात. काही जण या काळात सोशल मीडियाच सोडतात. सरिता शोनेबेक यांचा २०१४ च्या सीएचआय परिषदेतला पेपर यावरच आहे. ‘लेंटसाठी ट्विटर सोडतोय’ असं ट्विटरवर जाहीर करणाऱ्यांचा त्यांनी माग काढला, सोबत मुलाखतीही घेतल्या. निष्कर्ष असा: ६४ टक्के लोकांनी शब्द पाळला. ज्यांना जमलं नाही, त्यांपैकी ३१ टक्क्यांनी ते कबूल केलं. बाकीचे गुपचूप परतले.

पेपरची जमेची बाजू आधी सांगतो. प्रश्नावलीत ‘मी मोबाइल कमीच वापरतो’ असं कुणीही लिहून देतं. इथे लोक काय बोलले आणि मग काय केलं, हे ताडून पाहता येतं.

आता टीका. पहिला प्रश्न नेहमी छेदाचा विचारा: ६४ टक्के, पण कुणाचे? जाहीर करणाऱ्यांचे. चारचौघांत बोललं की लाजेखातर माणूस टिकतो. न बोलता सोडणारे या हिशेबात नाहीतच. दुसरा प्रश्न मोजमापाचा. ट्वीट दिसतं, वाचणं दिसत नाही. महिनाभर गप्प राहून रोज दोन तास स्क्रोल करणारा माणूससुद्धा ‘यशस्वी’ ठरू शकतो!

तिसरा प्रश्न फायद्याचा. तो या पेपरचा विषयच नाही, तरी आकडा त्यासाठी वापरला जाण्याची भीती असते. फायदा तपासायला ‘ब्लँक’ लागतो, जसा आपण प्रयोगशाळेत ठेवतो. ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेत तेच केलं: लोकांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाचं फेसबुक चार आठवडे बंद. रोजचा सुमारे तासभर वाचला, मनाला थोडं बरं वाटलं, पण बातम्यांची माहिती घटली. हा शेवटचा भाग सल्ला देणारे गाळतात.

आणि आपल्याला तोच महत्त्वाचा आहे. भंडारा, तुमसर, साकोलीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्याला ‘सगळे अ‍ॅप उडव’ हे सांगणं सोपं. पण पेटची तारीख, फेलोशिपची जाहिरात त्याच्यापर्यंत बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनच येते. पुण्यातल्या मुलाला सीनियर कँटीनमध्ये सांगतो. इथल्याला कोण सांगणार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट काढली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. इथे एकट्याच्या निश्चयाची परीक्षा नाही, आणि दीड तासात कुठली जाहिरातही हुकत नाही. पण भोंग्यामुळे अभ्यास वाढला का, हे सांगायला भोंगा नसलेलं शेजारचं गाव मोजावं लागेल. तोवर ती चांगली गोष्ट आहे, पुरावा नाही.

तर गृहपाठ: दहा अभ्यासिका घ्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडा. तिथे रोज दीड तास फोन पेटीत. काय मोजाल? फोन पेटीत किती वेळ राहिला हे, की वाचलेली पानं? आणि हुकलेल्या सूचनांचा रकाना ठेवाल ना? उत्तर लिहून मगच पुढचा पेपर उघडा.